जुन्या कागदांचा शोध

मराठी राज्यात कारभाराचा व्याप फार मोठा होता. सरदार छावणीतून पत्रे लिहीत, कारकून जमाखर्च मांडीत आणि गावोगावी निवाडे लिहून ठेवीत. हे कागद रुमालांत बांधून दप्तरात जपून ठेवले जात. पुढे 1818 साली पेशवाई बुडाली, आणि अनेक जुन्या वाड्यांतील रुमाल माळ्यावर धूळ खात पडले. कोठे त्यांस वाळवी लागली, तर कोठे ते पावसाने भिजून कुजले. कित्येक रुमाल रद्दी म्हणून वाण्याच्या दुकानी गेले. एका पुडीत हळद बांधली जाई आणि तिच्याबरोबर एखाद्या मोहिमेची हकीकतही नाहीशी होई.

या कागदांचे मोल ज्यांनी ओळखले, त्यांत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे अग्रगण्य होत. त्यांचा जन्म 1863 साली झाला. आपल्या देशाचा इतिहास परक्यांनी सांगावा व आपण तो मुकाट्याने पाठ करावा, हे त्यांस मान्य नव्हते. परंतु आपला इतिहास आपण लिहावयाचा, तर त्यास आधार कशाचा घ्यावयाचा? नुसता अभिमान हा काही पुरावा नव्हे. ज्या काळी घटना घडल्या, त्याच काळी लिहिलेले कागद हाच खरा आधार, असे राजवाड्यांचे मत होते.

ते गावोगाव हिंडू लागले. जुन्या घराण्यांच्या दारी जाऊन ते दप्तरे पाहावयास मागत. हे काम सोपे नव्हते. कागद दुसऱ्याच्या हाती गेले तर आपल्या इनामाला किंवा वतनाला धक्का बसेल, अशी भीती पुष्कळांस वाटे. राजवाडे न कंटाळता पुन्हा पुन्हा जात. राहणी साधी आणि गरजा थोड्या, म्हणून त्यांची भटकंती वर्षानुवर्षे चालू राहिली.

कागद मिळाला म्हणजे काम संपले, असे नव्हे. खरे काम तेथूनच सुरू होई. ही पत्रे बहुधा मोडी लिपीत असत. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली भरभर अक्षरे लिहीत. दोन शब्दांमध्ये जागा सोडीत नसत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळीत नसत. शिवाय पुष्कळ पत्रांवर मुसलमानी महिना आणि चंद्राची तिथी एवढेच असे, वर्ष लिहिलेले नसे. मग पत्रात आलेली माणसे, गावे आणि प्रसंग यांची इतर पत्रांशी सांगड घालून त्याचे वर्ष ठरवावे लागे. एका तारखेसाठी असे बारीक परिश्रम करावे लागत.

या परिश्रमांचे पहिले फळ 1898 साली हाती आले. त्या वर्षी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. त्यात 1750 ते 1761 या काळातील पत्रे आहेत. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 रोजी झाली. त्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेले यांस लिहिलेली पत्रे या खंडात वाचावयास मिळतात. त्यांत पराक्रमाच्या गोष्टींपेक्षा पैशाची निकड आणि शत्रूची रसद तोडण्याचा तगादा यांचाच उल्लेख अधिक आहे. फौज केवळ तलवारीवर लढत नाही, तिला धान्य आणि द्रव्यही लागते, हे या पत्रांवरून कळते. पुढे या मालेचे एकूण 22 खंड प्रसिद्ध झाले.

एकच कागद इतिहास सांगतो, तसाच तो भाषाही शिकवितो, हे राजवाड्यांनी ओळखले होते. शिवाजी महाराजांच्या पूर्वीच्या पत्रांत फारसी शब्दांची गर्दी दिसते. पुढील काळात ती कमी होत जाते. महाराजांनी ‘पेशवा’ याऐवजी ‘पंतप्रधान’ आणि ‘मुजुमदार’ याऐवजी ‘अमात्य’ अशी नावे रूढ केली. राज्य पालटले, तशी राज्याची भाषाही पालटली.

भाषेच्या याच ओढीने राजवाडे ज्ञानेश्वरीकडे वळले. ज्ञानेश्वरी 1290 साली लिहिली गेली. बीडजवळील पाटांगण येथे तिची एक जुनी हस्तलिखित प्रत त्यांस मिळाली. ती त्यांनी 1909 साली छापून प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. आज आपण ‘देव’, ‘लोक’ म्हणतो. त्या काळी ‘देवु’, ‘लोकु’ अशी रूपे होती. ही प्रत एकनाथांच्याही पूर्वीची आहे, असे राजवाड्यांचे मत होते. पुढे काही विद्वानांनी त्याविषयी शंका घेतली. परंतु मूळ प्रतच पुढे नाहीशी झाली! आता छापील पुस्तक आहे. पण मूळ कागद, त्यावरील शाई आणि अक्षर पाहून निर्णय देण्याचा मार्ग उरला नाही. थोर संशोधकाचा शब्दही पुराव्याने पारखून घ्यावा लागतो, आणि पुरावाच गेला तर पारख करणेही खुंटते.

एकट्याने हे काम पुरे होणार नाही, हे राजवाडे जाणून होते. म्हणून 7 जुलै 1910 रोजी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या सहकार्याने त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ धुळ्यासही संशोधन मंडळ उभे राहिले. लोक त्यांस आदराने ‘इतिहासाचार्य’ म्हणतात.

मुलांनो, इतिहासाच्या पुस्तकातील एका ओळीमागे अशी कितीतरी माणसांची वणवण असते. ती ओळ वाचताना ‘हे कशावरून?’ असा प्रश्न मनात येऊ द्या. आणि आजोबांच्या पेटीत एखादा पिवळा पडलेला मोडी कागद सापडलाच, तर तो फेकू नका. जाणत्या माणसास दाखवा. गेलेला कागद पुन्हा लिहिता येत नाही.

शब्दार्थ
रुमाल – कागद बांधून ठेवण्याचे वस्त्र. त्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा.
रसद – सैन्यासाठी नेलेली धान्यसामग्री.
तगादा – पुन्हा पुन्हा केलेली मागणी.
निवाडा – तंट्याचा न्यायनिर्णय.

स्वाध्याय
1. जुनी दप्तरे कोणकोणत्या प्रकारे नष्ट झाली?
2. लोक आपले कागद दाखविण्यास का भीत असत?
3. वर्ष न लिहिलेल्या पत्राचा काळ कसा ठरवीत?
4. ‘एकच कागद इतिहास सांगतो, तसाच तो भाषाही शिकवितो’ हे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
5. आपल्या घरातील अथवा गावातील एखाद्या जुन्या कागदाची किंवा वस्तूची माहिती वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळींत लिहा.