ऑटोमॅटिक पिकअपमध्ये मॅन्युअल मोड कधी वापरावा?
टोयोटा हायलक्ससारख्या सहा गियरच्या ऑटोमॅटिक पिकअपमध्ये लिव्हर ‘डी’वरून बाजूला ‘एस’कडे सरकवला, की अधिक-उणेच्या खुणांनी गियर चालकाच्या हाती येतात. याचा खरा उपयोग घाट उतरताना. हौद्यात माल असताना ‘डी’मध्ये गाडी वरच्या गियरला सुटू शकते आणि सारा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, पेडल मऊ लागते. म्हणून उतार लागण्याआधीच लिव्हर उण्याकडे ओढून तिसरा, तीव्र उताराला दुसरा गियर घ्यावा. इंजिनाचा आवाज चढतो, त्याला घाबरू नये. तेच इंजिन गाडी रोखून धरत असते. वेग फारच जास्त असेल, तर गियरबॉक्स खालचा गियर घेतच नाही. निसरड्या रस्त्यावर मात्र एकदम खालच्या गियरवर येऊ नये, मागची चाके घसरतात. सपाट रस्त्याला ‘डी’ पुरेसा.