लिहिण्यापुरती नक्कल

मोठी आज्ञावली एका फाइलीत मावत नाही. लिनक्स या प्रणालीचा गाभाच घेतला, तर त्याच्या मूळ मजकुराच्या फाइली हजारोंनी मोजाव्या लागतात. या मजकुराचे यंत्राला कळणाऱ्या संकेतांत रूपांतर करणे, म्हणजेच आज्ञावलीची बांधणी, हे वेळखाऊ काम होय. तो वेळ वाचावा म्हणून बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' हे साधन तयार केले. फाइलींच्या बदलाच्या वेळा ताडून, मूळ मजकूर मागाहून बदललेले भागच ते नव्याने बांधते.

परंतु त्याच आज्ञावलीच्या दोन आवृत्त्यांवर एकाच वेळी काम करावयाचे झाल्यास बांधलेल्या निर्देशिकेची स्वतंत्र प्रत लागते. ती अक्षरशः उतरवून काढावी, तर वेळ व जागा दोन्ही खर्ची पडतात. त्याच फाइलीला केवळ दुसरे नाव जोडावे, तर एका नावाने केलेला बदल दुसऱ्या नावाखालीही उमटतो.

या पेचावरील उपाय जुनाच आहे. पीडीपी-१० यंत्रावरील टेनेक्स प्रणालीने १९७० च्या सुमारास स्मृतीच्या पानांसाठी तो योजिला होता. प्रत मागितली, तरी मजकूर हलवावयाचा नाही. दोन्ही नोंदींनी एकाच साठ्याकडे निर्देश करावयाचा. एका बाजूने बदल होताच तेवढाच खंड नव्या जागी लिहिला जातो; दुसरी बाजू जुन्या खंडाला धरून राहते.

२००९ मध्ये लिनक्समध्ये समाविष्ट झालेल्या 'बीटीआरएफएस' या फाइल-व्यवस्थेत संपूर्ण उपविभागाची अशी प्रत क्षणात निघते. कारण आरंभी नोंदींच्या वृक्षाचे केवळ मूळच नव्याने लिहावे लागते. 'एक्सएफएस'मध्ये मात्र फाइली एकेक करून घ्याव्या लागतात.

दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. एकेक फाइल घेताना बदलाच्या वेळा जतन न केल्यास 'मेक'चा हिशेब चुकतो: झालेली बांधणी पुन्हा होते किंवा आवश्यक बांधणी राहून जाते. तसेच बांधणीच्या नोंदींत जुन्या निर्देशिकेचा पूर्ण पत्ता असेल, तर नव्या प्रतीतील काम निमूटपणे जुन्या ठिकाणी जाऊन लिहिते.

आणखी एक भ्रम टाळावयास हवा. ही प्रत म्हणजे सुरक्षित साठा नव्हे. सामायिक खंडच डिस्कवर बिघडला, तर त्यावर विसंबलेल्या सर्व प्रती एकदमच बिघडतात. ही युक्ती श्रम वाचविते. जतनाची जबाबदारी मात्र तिच्यावर सोपविता येत नाही.