चार नंबरची खाट

फायनल एमबीबीएसच्या मेडिसिन प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल म्हणून गेले की एक गोष्ट हमखास दिसते: केसेस आदल्या रात्रीच फुटलेल्या असतात. इंटर्न सांगतात, वॉर्डबॉय सांगतो. परीक्षेला नेहमी बसणारे जुने पेशंट तर स्वतःच म्हणतात, "डॉक्टर, मला एमएस आहे, डाव्या कुशीवर वळवून ऐका."

एका कॉलेजात चार नंबरच्या खाटेवर प्लीहा वाढलेला पेशंट ठरला होता. पहाटे त्याला जुलाब लागले, म्हणून तिथे छातीत पाणी झालेले एक काका आणून बसवले. लाँग केसला हीच खाट मिळालेल्या मुलीने मला चार बोटं लागणारी प्लीहा सांगितली, तिच्या कडेवरच्या खाचेसकट! मी काकांच्या पाठीवर उजवीकडे खाली ठोकून दाखवलं. दगडावर ठोकावं तसा ठप्प आवाज. धाप लागते, हे काकांनी तिला सांगितलं होतं. तिच्या कागदावर पहिल्याच ओळीत ते होतंही.

मुलगी हुशार होती. पोस्टिंगच्या वेळात एमसीक्यू सोडवून सोडवून झालेली हुशार. तिला तरी काय बोलणार? नीट-पीजीत 200 प्रश्न, बरोबरला चार, चुकीला वजा एक; पेशंटला हात लावल्याचा एकही गुण नाही. पण प्रॅक्टिकलमध्ये वेगळं पास व्हावं लागतं, आणि तिथे अडकलं की इंटर्नशिपही अडकते.

लाँग केस नशिबाची असते, हे मला मान्य आहे. एकाला साधा अ‍ॅनिमिया, दुसऱ्याला अख्खी न्यूरॉलॉजी. हार्डन यांनी 1975 मध्ये डंडीहून मांडलेली ओस्की त्या मानाने न्यायी. घंटा वाजली की सगळ्यांना तेच स्टेशन. पण घाबरलेल्या माणसाकडून पाऊण तासात हिस्टरी काढणं तिथे कळत नाही.

तेव्हा निदान कानावर आलंच, तर कागदावर ते शेवटी लिहा. जे हाताला लागलं नाही, ते लागलं नाही म्हणा. तपासणी नीट असून निदान चुकलेल्यांना आम्ही सहसा नापास करत नाही. न तपासता बरोबर सांगणारा मात्र दोन प्रश्नांत उघडा पडतो. लॉगबुकवर सही त्याच दिवशी घ्या, कारण सहा महिन्यांनी ते सर बदलून गेलेले असतात. आणि केस सांगताना पेशंटकडे पाठ करू नका. तुम्ही काय विसरलात, ते बरेचदा तोच खुणावत असतो.