लांबून साथसंगत

अगं, तू न्यू जर्सीत, तबला सांगलीत, पेटी पुण्यात आणि अभंग एकच, तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. एका बैठकीत जे नजरेनं सांगून होतं, ते आता फाइलमध्ये घालून पाठवावं लागतं. समोर बसलेली असताना तू नुसती मान हलवलीस तरी तबलजी लय आवरतो. तू श्वास घेतलास की पेटीवाल्याला कळतं, आता अंतरा उचलणार. हे काहीच तारेतून जात नाही. पुढे मी जे सांगतोय ती सगळी त्या नजरेची सोय आहे.

व्हिडिओ कॉलवर तिघांनी एका वेळी वाजवायचा हट्ट मात्र धरू नकोस. तबलजी तुझ्यापासून तीन मीटरवर बसला तर त्याचा आवाज तुला नऊ मिलिसेकंदांत पोचतो, आणि तेवढ्याची कानाला सवय असते. पंचवीस-तीस मिलिसेकंदांपर्यंत माणसं निभावून नेतात, त्यापुढे लय ओढायला लागते. तुझ्या आणि तबलजीच्या गावांत सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे सगळं आदर्श असलं तरी एका बाजूचेच साठहून जास्त मिलिसेकंद गेले. प्रत्यक्षात ते शंभर किंवा अधिक होतात. द्रुत लयीत, मिनिटाला दोनशे चाळीस मात्रा धरल्या, तर एक मात्रा अडीचशे मिलिसेकंदांची. म्हणजे त्याचा 'धा' तुझ्या कानावर जवळजवळ अर्धी मात्रा उशिरा पडणार. याला कुणाचाही रियाज उपाय नाही.

रियाजापुरती एक वाट आहे. 'निन्जॅम' नावाचं सॉफ्टवेअर हा उशीर लपवत नाही, उलट पूर्ण आवर्तनाएवढा वाढवतं. तू आत्ताचं आवर्तन गातेस तेव्हा तबलजीचं मागचं आवर्तन तुला ऐकू येतं. ठेका धरून नुसतं घोळायचं असेल तर हे सुंदर चालतं. सवाल-जवाब करायचा असेल तर नाही. गाण्याचं खरं काम पाळीपाळीनं, एकावर एक थर रेकॉर्ड करूनच होतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. लॉस एंजेलिसचा जिमी टॅम्बोरेलो आणि सिॲटलचा बेन गिबर्ड यांनी टपालानं टेपा एकमेकांना पाठवत 'गिव्ह अप' हा अल्बम केला, तो २००३ साली आला. त्यांनी जोडीचं नावच 'द पोस्टल सर्व्हिस' ठेवलं. तुमच्याकडे तर टपालाचे दिवसही मोजायला नाहीत.

आता सूर. इथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात, म्हणून नीट ऐक. 'माझी काळी चार' एवढं सांगून भागत नाही. मधल्या सप्तकातली पांढरी सहा चारशे चाळीस हर्ट्झला लावायच्या हिशोबानं खालच्या सप्तकातल्या काळी चारचा षड्ज २०७.७ हर्ट्झच्या आसपास येतो. पण घरातल्या जुन्या पेट्या हमखास चारशे चाळीसला लागलेल्या नसतात. तुझ्या पुण्याच्या पेटीवाल्या बुवांची पेटी चारशे त्रेचाळीसला असेल तर त्यांचा षड्ज तुझ्या ॲपमधल्या तानपुऱ्यापेक्षा बारा सेंट वर निघेल आणि दोन्ही एकत्र आले की सेकंदाला एक-दीड वेळा सूर हेलकावे खाईल. आता बदलायचं कुणी? पेटीचे सूर दर गाण्याला कानस लावून कुणी घासत बसत नाही. तबला चढतो-उतरतो, तानपुरा ॲपवर हवा तिथे लावता येतो, आणि तू गाणारी, तुला तर काहीच अडचण नाही. म्हणून सूर पेटीकडून घ्यायचा. बुवांना नम्रपणे विनंती कर, "बुवा, काळी चारचा षड्ज अर्धा मिनिट धरून पाठवता का?" त्या षड्जाला तानपुरा लाव, दहा मिनिटांची फाइल कर आणि दोघांनाही तीच पाठव. प्रत्येकानं आपापला तानपुरा लावून घेतला की गाणं बिघडलंच म्हणून समज. सॉफ्टवेअरनं सूर ओढून जुळवता येतो, मान्य, पण पेटीच्या आवाजातला तो ताण मला लगेच ऐकू येतो आणि मी तो सहन करत नाही.

लयीचं दुखणं निराळं आहे. भावगीत असेल तर मेट्रोनोम लावून खुशाल रेकॉर्ड कर. अभंगाला तो लावू नकोस. अभंग वर चढत जातो, शेवटच्या गजरात तो सुरुवातीपेक्षा कितीतरी पुढे गेलेला असतो, आणि ती चढण तू ठरवायची, यंत्रानं नाही. तर आधी कच्चं गाणं रेकॉर्ड कर. तानपुरा कानात, हातानं टाळी देत पूर्ण अभंग गा. टाळीचा ट्रॅक वेगळा असू दे. गाण्याआधी आठ मात्रांचं एक आवर्तन तोंडानं मोजून दे, म्हणजे भजनी ठेक्याची सम कुठे येणार ते तबलजीला कळेल.

आणि आणखी एक ट्रॅक कर, नुसत्या बोलण्याचा. कच्चं गाणं वाजत असताना त्यावर मोकळेपणानं बोल: "इथे दोन आवर्तनं फक्त तबला." "आता मी थांबते, छोटी तिहाई घेऊन समेवर या." "या ओळीनंतर लय वाढवतेय, आधी दुगुन नको." मिक्समध्ये हा ट्रॅक बंद होईल, पण तबलजीच्या कानात तो असला पाहिजे. मघाशी नजरेचं म्हणालो ना, ती इथे आली. बहुतेक मंडळी हाच ट्रॅक करत नाहीत आणि मग फोनवर तास घालवतात.

क्रम असा ठेव: तुझं कच्चं गाणं, त्यावर तबला, मग तबल्यावर तुझं पक्कं गाणं आणि सर्वांत शेवटी पेटी. पेटी आधी वाजवली तर ती तुझ्या तानांना बांधून टाकते. शेवटी आली की तुझ्यामागून जाते आणि हेच तिचं काम.

रेकॉर्डिंगचं तांत्रिक थोडक्यात सांगतो. तिघांनीही अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ, चोवीस बिट आणि 'वेव्ह' फाइल हेच ठरवा. कुणी चव्वेचाळीस पॉइंट एकवर वाजवलं आणि पुढे तो दर चुकीचा धरला गेला, तर गाणं नऊ टक्के पळतं आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वरानं चढतो, काळी चार पांढरी सहाच्याही वर जाते. मोनो ट्रॅकला मिनिटाला पावणेनऊ एमबीच्या आत जागा लागते, सहा मिनिटांचा अभंग म्हणजे बावन्न एमबी, ड्राइव्हवर सहज मावतो. एमपी-थ्री फक्त ऐकायला पाठव, काम करायला नाही. सगळ्यात जोराच्या तानेलाही मीटर उणे सहाच्या वर जाऊ देऊ नकोस. चोवीस बिटमध्ये आवाज खाली ठेवल्यानं काही हरवत नाही, वर फाटला तर मात्र परत येत नाही. ब्लूटूथचे हेडफोन मुळीच नकोत, ते शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे राहतात. तारेचे, कान पूर्ण झाकणारे घ्या, नाहीतर तबल्याचा आवाज तुझ्या माइकमध्ये झिरपेल. एकदा परीक्षाही करून बघ. हेडफोनचा कान माइकला टेकव, ट्रॅकवरची 'टक' पुन्हा रेकॉर्ड कर. दोन्ही टक एकाखाली एक आल्या तर ठीक, नसतील तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तेवढा फरक भरून ठेव.

तू रीपर वापरतेस, तबलजी ऑडॅसिटी आणि बुवांचा नातू तिसरंच काहीतरी. एकाचं प्रोजेक्ट दुसऱ्यात उघडत नाही आणि उघडायची गरजही नाही. प्रत्येकानं आपला ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून शेवटपर्यंत सलग काढून द्यायचा, मधली शांतता धरून. तबला दोन मिनिटांनी सुरू होत असेल तरी फाइल शून्यापासूनच हवी. म्हणजे सगळ्या फाइली डावीकडे टेकवल्या की गाणं जुळतं. फाइलचं नाव गाणं, वाद्य, कितवा टेक, तारीख असं लिही. 'फायनल', 'फायनल नवीन' असली नावं नकोत. रिव्हर्ब न लावलेला कोरा आवाज पाठव. मूळ प्रोजेक्ट एकाच माणसाकडे राहू दे, ते तुझ्याकडेच ठेव, आणि त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर.

तबलजींना सांग, पंखा बंद करा, खिडकीला गोधडी टांगा, पहाटेच्या शांत वेळी वाजवा. बुवांना सांग, माइक पेटीला चिकटवू नका, दोन फुटांवर ठेवा, नाहीतर भात्याचा श्वास सुरांपेक्षा मोठा येतो. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात सकाळचे दहा म्हणजे इकडे संध्याकाळचे साडेसात. बुवांशी बोलायचं तेव्हाच बोल, जेवणाच्या वेळी नाही.

टेक पसंत पडला नाही तर 'जरा फील कमी वाटला' असं कुणाला लिहू नकोस. त्यातून माणसाला काहीच करता येत नाही, वाईट मात्र वाटतं. 'दोन मिनिटं चौदा सेकंदांवरचा मुखडा आधी आला, तेवढंच पुन्हा द्याल का' असं लिही. आणि जे छान झालंय ते त्याच निरोपात आधी लिही. समोर असतीस तर 'वाहवा' म्हणालीच असतीस.

पैशाचं बोलणं आपल्याकडे लोक शेवटी ढकलतात, ते तू करू नकोस. मानधन किती, किती दुरुस्त्या त्यात धरल्यात, नावं कुठे आणि कशी येणार, यूट्यूबवर चढवल्यावर उत्पन्न आलं तर कुणाचा वाटा किती, हे एका ईमेलमध्ये लिही आणि दोघांकडून होकार घे. चाल नवी असेल तर संगीतकाराचं नाव वेगळं लिहायला विसरू नकोस. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला हक्क पक्का केला आहे, तो आपल्या घरच्या कामातही पाळायचा. तबलजींचं मानधन त्यांची फाइल मिळाली त्याच दिवशी पाठव, मिक्स होईपर्यंत थांबू नकोस. ईमेल आज रात्रीच लिही, आणि बुवांचा षड्ज आला की मला ऐकव.