भग्न मठ आपल्याला काय शिकवतो?



इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात स्केल नदीच्या काठी फाउंटन्स मठाचे अवशेष आहेत. १९८६ साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली. पर्यटक तिथे फोटो काढतात आणि परततात. श्रद्धावंताने मात्र हे दगड कसे पाहावेत, याचा आज आपण विचार करू या.

सुरुवात उपासमारीतून

११३२ साली यॉर्क शहरातील संत मेरी मठातून १३ संन्यासी बाहेर पडले. तिथले सुखासीन जीवन त्यांना बोचत होते. संत बेनेडिक्ट यांची नियमावली त्यांना मनापासून पाळायची होती. आर्चबिशप थर्स्टन यांनी त्यांना रानातली ओसाड जागा दिली. पहिला हिवाळा त्यांनी झाडाच्या आडोशाने काढला. पुढे ते सिस्टर्शियन संघात सामील झाले.

मठाच्या इतिवृत्तात त्या दुष्काळी दिवसांतली एक गोष्ट आहे. मठात फक्त अडीच पाव उरले असताना दारात एक भिकारी आला. मठाधिपतींनी त्याला एक पाव द्यायला सांगितले. उरलेले दीड पाव राबणाऱ्या सुतारांसाठी ठेवले. थोड्याच वेळात जवळच्या किल्ल्याच्या सरदाराने पाठवलेली पावांनी भरलेली गाडी दारात उभी राहिली.

दगड काय सांगतात?

प्रथम चर्चमध्ये जावे. आज त्याला छप्पर नाही. इथे संन्यासी रात्री उठून आणि दिवसातून सात वेळा प्रार्थनेला जमत. आठवड्याभरात दीडशेच्या दीडशे स्तोत्रे गाऊन पूर्ण होत. शेजारच्या सभागृहात रोज नियमावलीतील एक अध्याय वाचला जाई आणि चुका कबूल केल्या जात. शेकोटीच्या खोलीत दोन प्रचंड चुली दिसतात. स्वयंपाकघर आणि रुग्णालय सोडले तर कडाक्याच्या थंडीत ऊब मिळे ती इथेच.

पश्चिमेला सुमारे ३०० फूट लांबीची कमानदार इमारत अजून उभी आहे. तिथे धान्याचे कोठार आणि श्रमबंधूंचे भोजनगृह होते. हे श्रमबंधू बहुधा निरक्षर असत. शेती, मेंढ्या, बांधकाम हे सारे तेच सांभाळत आणि पाठ असलेल्या मोजक्या प्रार्थना कामाच्या जागी म्हणत. आपणा प्रापंचिकांनी या इमारतीपाशी जरा जास्त वेळ थांबावे. स्तोत्रे गाणाऱ्यांचे पोट या हातांनी भरले, आणि त्यांचे कष्ट हीसुद्धा प्रार्थनाच होती.

ऱ्हास कसा झाला?

लोकरीच्या व्यापारातून मठ श्रीमंत झाला. तेराव्या शतकात येणाऱ्या वर्षांची लोकर इटालियन व्यापाऱ्यांना आगाऊ विकली गेली आणि मठ कर्जात बुडाला. साधेपणासाठी घर सोडलेल्यांच्या वारसांवर ही वेळ आली. पुढे श्रमबंधूंची संख्याही घटली. मठाधिपती ह्यूबी (१४९५–१५२६) यांनी सुमारे १६० फूट उंच मनोरा बांधला. सुरुवातीच्या सिस्टर्शियनांना असा मनोरा मान्य नव्हता.

त्यानंतर थोड्याच वर्षांत राजा आठवा हेन्री याने देशातील मठ बंद केले. फाउंटन्सचे माजी मठाधिपती विल्यम थर्स्क यांना १५३७ साली फाशी देण्यात आली. नोव्हेंबर १५३९ मध्ये मठ राजाच्या ताब्यात गेला. छपरावरचे शिसे काढून नेले, दगड दुसऱ्याच्या वाड्याला लागले.

मठ राजाने बंद केला, हे खरे. त्याचा दोष संन्याशांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु मठ श्रीमंत होत गेला तसा सुरुवातीचा साधेपणा मागे पडला, हेही आपण नजरेआड करू नये. अडीच पावांच्या दिवसांत त्यांच्याकडे जे होते, ते मनोऱ्याने आणले नाही.

आपल्यासाठी

आपणही चर्चची डागडुजी करतो, सण थाटात साजरे करतो. ते करावेच. पण घरची संध्याकाळची प्रार्थना थांबली आणि दारचा गरीब रिकाम्या हाताने परतला, तर शाबूत छपराखालीही आपण भग्नच असू.

या आठवड्यात कुटुंबात बसून बोलू या:
१. आपल्या घरी एकत्र प्रार्थनेची वेळ ठरलेली आहे का?
२. आपल्या धर्मग्रामात पडद्याआड राबणारे ‘श्रमबंधू’ कोण? आपण त्यांचे आभार कधी मानले?
३. आपल्याजवळ अडीचच पाव असतील, तर त्यातला एक कोणाचा?