यंत्रात तोटा, खेळात नफा

मुद्दलाखाली माल विकणाऱ्याला आपण वेडा म्हणतो. पण व्हिडिओ गेमच्या धंद्यात मोठमोठ्या कंपन्या हेच करतात. २००६ साली सोनीने ‘प्लेस्टेशन ३’ हे यंत्र अमेरिकेत ४९९ डॉलरला आणले. आयसप्लाय या संस्थेच्या अंदाजाने ते तयार करण्याचा खर्च सुमारे ८०५ डॉलर होता. म्हणजे नगामागे ३०० डॉलरहून जास्त नुकसान!

भरपाई खेळांतून होते. दुसऱ्या कंपनीचा खेळ विकला गेला तरी प्रत्येक प्रतीमागे यंत्रवाल्याला वाटा मिळतो. शिवाय सुटे भाग वर्षागणिक स्वस्त होतात.

मात्र सर्वांना हे झेपत नाही. सेगा कंपनीने २००१ मध्ये ‘ड्रीमकास्ट’ बंद करून यंत्रांचा धंदाच सोडला. उलट निन्टेंडोने २००६ मध्ये साधे भाग वापरून ‘वी’ काढले आणि यंत्रावरही नफा मिळवला.

आता आपल्या गडहिंग्लजच्या कापड दुकानात हाच हिशेब मांडू. समजा, ३०० रुपये खरेदीचा शर्टपीस २७० ला दिला आणि आपल्याच दुकानातील शिलाईत ८० रुपये सुटले. दहापैकी चार गिऱ्हाइकांनी आपल्याकडे शिवले, तर २० रुपये नफा. तिघांनीच शिवले, तर ६० रुपये तोटा.

म्हणून व्यापारी बांधवांनो, भाव पाडण्याआधी दोन गोष्टी वहीत लिहा : पुढची कमाई आपल्याच गल्ल्यात येणार का, आणि तोवर भांडवल पुरेल का?