अजगर : शरीरधर्म, आरोग्य आणि शेतकऱ्याने बाळगावयाची दक्षता

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. सिंदफणा व मांजरा या नद्यांच्या काठी आणि माजलगाव धरणाच्या लाभक्षेत्रात ऊस उभा असतो. जेथे ऊस तेथे उंदीर आणि जेथे उंदीर तेथे साप, हा निसर्गाचा क्रमच आहे. पाचट काढताना, बांध साफ करताना किंवा तोडणीच्या फडात एखादा जाडजूड, ठिपक्यांचा साप वेटोळे घालून बसलेला दृष्टीस पडतो. "अजगराचे पिल्लू दिसते," असे एक जण म्हणतो. दुसरा काठी उचलतो. तिसरा, अजगर बिनविषारी असतो एवढेच ऐकून, त्यास हातानेच पोत्यात घालावयास पुढे सरसावतो.

साप खरोखरच अजगर असेल, तर काठीच्या एका तडाख्याने उंदरांचा एक शत्रू नाहीसा होतो. तो घोणस असेल, तर हात घालणाऱ्याच्या प्राणांवर बेतते. म्हणून अजगर म्हणजे काय, त्याचे शरीर कसे चालते, त्यास कोणते रोग होतात आणि त्याच्यासारखा दिसणारा विषारी साप कसा ओळखावा, हे ग्रामसेवकांनी स्वतः समजून घेऊन गावकऱ्यांस समजावून देणे अगत्याचे आहे. प्रस्तुत पाठाचा हेतू तोच आहे.

१. अजगरांचे कुल

महाराष्ट्रात आढळणाऱ्या भारतीय अजगराची शास्त्रीय नोंद लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली केली. त्याचे निकटचे भाऊबंद आफ्रिकेत राहतात. तेथील शैल अजगर पाच मीटरांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक वाढतो. दक्षिण आफ्रिकेत त्याची एक वेगळी जात आहे. घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकी देशांत राज अजगर नावाची लहान जात आढळते. तिची लांबी सामान्यतः एक ते दीड मीटर असते. भय वाटताच हा साप अंगाचा चेंडू करून मध्ये डोके लपवितो. तो उंदरांच्या बिळांत व वारुळांत राहतो आणि शेतातच उंदीर खाऊन जगतो. बेनिन देशातील विदा या गावी अजगरांचे देऊळच आहे आणि तेथील लोक या सापास इजा करीत नाहीत. नागपंचमीला नागाची पूजा करणाऱ्या आपल्या समाजास ही गोष्ट परकी वाटू नये.

आफ्रिकेतील व आशियातील अजगरांवर गेल्या काही दशकांत पुष्कळ संशोधन झाले आहे. या सर्वांची शरीररचना मुळात एकच असल्यामुळे ते ज्ञान आपल्याकडील अजगर समजून घेण्यासही उपयोगी पडते.

२. भक्ष्य पकडणे व पचविणे

अजगरास विषग्रंथी नसतात. त्याच्या ओठांवर बारीक खळगे असतात. उंदीर, ससा यांसारख्या उष्ण रक्ताच्या प्राण्याच्या अंगातून निघणारी उष्णता त्यांच्या साहाय्याने त्यास अंधारातही जाणवते. भक्ष्य दातांनी धरून तो त्याभोवती विळखा घालतो. विळख्याने हाडे मोडून प्राणी मरतो, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु विळखा घालणाऱ्या बोआ सापांवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की विळख्याच्या दाबाने भक्ष्याचे रुधिराभिसरण काही क्षणांतच कोलमडते.

पचनाची रीत याहूनही आश्चर्यकारक आहे. अजगर महिनोन् महिने उपाशी राहू शकतो. त्या काळात त्याचे आतडे आक्रसून जाते. शेतकरी बिनहंगामात इंजीन बंद ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. भक्ष्य पोटात जाताच मात्र एक-दोन दिवसांत आतड्याचे वजन दुपटीच्या आसपास जाते, आणि भक्ष्य फार मोठे असल्यास प्राणवायूचा खप विश्रांतीच्या वेळेपेक्षा चाळीस पटींहून अधिक वाढल्याचे मोजले गेले आहे. ब्रह्मी अजगराच्या हृदयाचा मुख्य कप्पा जेवणानंतर दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, असे कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. २००७ साली पाच जातींच्या अजगरांची तुलना करण्यात आली. तीत आफ्रिकेतील शैल अजगर व राज अजगर हेही होते आणि पचनाची हीच चढउतार त्यांच्यातही आढळून आली. २०११ साली कोलोरॅडो विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी अजगराच्या रक्तातील काही स्निग्धाम्ले उंदरांस टोचून त्यांच्या हृदयाची निकोप वाढ घडवून आणली. माणसाच्या हृद्रोगावर या ज्ञानाचा उपयोग व्हावा, ही त्यामागील दृष्टी आहे.

यातून शेतकऱ्याने घ्यावयाचा बोध साधा आहे. पोट फुगलेला अजगर जागचा हलत नाही, याचे कारण आळस नव्हे, आजारही नव्हे. त्याचे सारे शरीर पचनात गुंतलेले असते. अशा वेळी त्यास काठीने डिवचले वा ओढले, तर तो गिळलेले भक्ष्य ओकून टाकतो. पचनासाठी खर्चिलेली शक्ती वाया जाते व तो अशक्त होतो. तसेच पचनास ऊब लागते. हिवाळ्यात सकाळी बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडलेला अजगर मेलेला वा रोगी आहे असे समजू नये. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात साळिंदरांच्या बिळांतून राहणारे अजगर हिवाळ्यात असेच ऊन घेतात, हे तेथील अभ्यासकांनी नोंदविले आहे.

३. मातेचे कष्ट

बहुतेक साप अंडी घालून निघून जातात. अजगराची मादी मात्र अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते आणि त्या काळात सहसा काही खात नाही. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात अंडी उबविणाऱ्या ब्रह्मी अजगराच्या मादीवर केलेला अभ्यास १९६६ साली प्रसिद्ध झाला. स्नायू थरथरवून ती आपले शरीर भोवतालच्या हवेपेक्षा कित्येक अंश अधिक उबदार ठेवते, असे त्यावरून सिद्ध झाले.

दक्षिण आफ्रिकेतील अजगराची मादी दुसरी युक्ती करते. विटवॉटर्सरँड विद्यापीठाचे प्राध्यापक ग्रॅहम अलेक्झांडर यांनी सात वर्षे अजगरांच्या शरीरात रेडिओयंत्रे बसवून त्यांचा माग काढला. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मादी बिळाबाहेर येऊन उन्हात अंग चांगले तापविते आणि परत जाऊन त्या उबेने अंडी उबविते. पिल्ले बाहेर पडल्यावरही ती सुमारे दोन आठवडे त्यांच्याजवळ राहते. या सर्व काळात ती फार खंगते आणि पुन्हा वीण होण्यास तिला दीर्घ काळ लागतो.

म्हणजे पूर्ण वाढलेली मादी मारली, तर तिची जागा पुढल्या वर्षी दुसरी घेईल असे होत नाही. उंदीर मात्र वर्षातून अनेक वेळा वितो. दोन्हींच्या विणीतील हे अंतर लक्षात घेतले, म्हणजे अजगर मारण्यात नुकसान कोणाचे हे निराळे सांगावयास नको.

४. अजगराचे रोग

सापास आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीत साठलेला कफ त्यास नीट खोकून टाकता येत नाही, म्हणून फुप्फुसाचे रोग त्यास जड जातात. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, तोंडानाकातून चिकट स्राव येणे, ही त्यांची लक्षणे होत. पाळीव राज अजगरांत अशा रोगाच्या साथी उद्भवल्या असता २०१४ साली त्यांच्यात निडोव्हायरस या गटातील नवा विषाणू सापडला. हाच विषाणू रोगास कारण होतो, हे २०१८ साली प्रयोगाने सिद्ध झाले. सापांची दाटी, अस्वच्छ पेट्या व योग्य उबेचा अभाव यांमुळे असे रोग बळावतात.

बाह्य व आंतर परोपजीवीही महत्त्वाचे आहेत. अजगराच्या खवल्यांखाली गोचिडे चिकटलेली असतात. आफ्रिकेतून अमेरिकेत आणलेल्या कासवांवरील गोचिडांत गाई व शेळ्यामेंढ्यांच्या हार्टवॉटर नावाच्या घातक रोगाचे जंतू आढळले. त्यामुळे २००० साली अमेरिकी शासनाने तीन जातींच्या आफ्रिकी कासवांच्या आयातीवर बंदी घातली. रानटी प्राणी एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेला, तर त्याच्या अंगावरून गोठ्याचा शत्रूही जाऊ शकतो, हा त्यातील धडा होय. आफ्रिकी अजगराच्या फुप्फुसात आर्मिलिफर नावाचा जंत राहतो. सापाचे अर्धेकच्चे मांस खाल्ल्याने किंवा दूषित पाण्यावाटे त्याची अंडी माणसाच्या पोटात जातात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला हे जुलाबाचे जंतूही असतात.

यास्तव मांसाच्या वा चरबीच्या लोभाने अजगर मारणे बेकायदेशीर तर आहेच, पण आरोग्यासही हितकर नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत अजगराचा समावेश असून त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे.

५. अजगर की घोणस?

बालाघाटच्या डोंगररांगांतील कोरड्या माळावर अजगर सहजी दिसत नाही. त्यास पाणी, दाट झाडी व खोल बिळे लागतात. उलट घोणस बांधावर, पाचटात, कडब्याच्या गंजीत, दगडांच्या ढिगात कोठेही राहते. म्हणून आपल्या शेतात ठिपक्यांचा जाड साप दिसला, तर तो घोणस असण्याचाच संभव अधिक, हे प्रथम ध्यानी धरावे. दोहोंतील भेद असे :

(अ) ठिपके : घोणसीच्या पाठीवर गडद कडांच्या गोल वा लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा साखळीप्रमाणे नेटक्या असतात. अजगराच्या अंगावरील पट्टे मोठे व वेडेवाकडे असतात.

(आ) अंग : घोणसीचे खवले मध्ये कणा असलेले, म्हणून खरखरीत दिसतात. अजगराचे अंग गुळगुळीत व चकाकणारे असते.

(इ) डोके : घोणसीचे डोके त्रिकोणी, मानेपासून स्पष्ट वेगळे व बारीक खवल्यांनी भरलेले असते आणि नाकपुड्या मोठ्या असतात. अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते.

(ई) आवाज : घोणस चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा, लांबलेला फूत्कार करते.

घोणस अंडी घालीत नाही. ती एकाच वेळी अनेक जिवंत पिल्ले प्रसवते आणि पिल्लू जन्मापासूनच विषारी असते. याखेरीज डुरक्या घोणस नावाचा बिनविषारी साप आहे. त्याची शेपटी आखूड असते. त्याच्यामुळेही गोंधळ होतो.

हे भेद सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी आहेत. साप हातात घेऊन खूण पटविण्यासाठी नव्हेत. संशय असेल तेथे तो साप घोणसच समजावा.

६. दंश झाल्यास

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यांपैकी बहुसंख्य खेड्यांतील होती. घोणसीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते व मूत्रपिंडे निकामी होतात. यावर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय आहे. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. म्हणून ओळख पटविण्यासाठी साप मारून आणण्यात वेळ दवडू नये.

रोग्यास धीर द्यावा. दंश झालेला अवयव हलू देऊ नये. अंगठी, जोडवी, बांगड्या काढाव्यात. जखम कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. मांत्रिकाकडे न जाता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून त्यास नजीकच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रकृती गंभीर असल्यास बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ करावे.

७. ग्रामसेवकांनी करावयाची कामे

१. तोडणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी टोळ्यांच्या मुकादमांस व मजुरांस एकत्र बसवून घोणसीचे चित्र दाखवावे. आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड मजूर परजिल्ह्यांत जातात व कोप्यांतून जमिनीवर निजतात. निघण्यापूर्वीच त्यांस ही माहिती मिळाली पाहिजे.

२. पाचटात हात घालण्यापूर्वी काठीने ते हलवावे, पायांत बूट घालावेत, रात्री पाणी देण्यास जाताना बॅटरी न्यावी, असा आग्रह धरावा.

३. सरपण व गंजी घरापासून दूर रचावी. उंदीर कमी, तर दाराशी साप कमी.

४. अजगर आढळल्यास माणसे व कुत्री दूर ठेवून वनपरिक्षेत्र कार्यालयास कळवावे. मोठा अजगर कोंबडी वा करडू धरू शकतो; तेव्हा खुराडे व गोठा रात्री नीट बंद करावा.

सारांश, अजगर असो वा घोणस, मारू नये आणि हातही लावू नये. पहिल्यास आपल्यापासून जपावयाचे आहे, दुसरीपासून आपणांस.

चर्चेसाठी प्रश्न

१. पोट फुगलेल्या अजगरास हलविल्याने काय हानी होते?
२. अजगराची मादी मारल्यास तिची उणीव लवकर का भरून येत नाही?
३. घोणस ओळखण्याच्या चार खुणा सांगा.
४. आपल्या गावापासून प्रतिविष मिळणारे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते? रात्री तेथे पोहोचण्यास वाहन कोणाचे व किती वेळात मिळेल? उत्तर गावाच्या फलकावर लिहून ठेवा.